दलदलीतील डोणी

रस्ता खणावयास जावे आणि नाव हाती लागावी, असा योग क्वचितच येतो. हॉलंड देशाच्या ईशान्येस ड्रेन्थ नावाचा प्रांत आहे. तेथे पेसे या खेड्याजवळ १९५५ साली मोटारींसाठी हमरस्ता बांधण्याचे काम चालू होते. वाटेत दलदल लागली. तिच्यातील भुसभुशीत थर उपसल्यावाचून रस्त्यास आधार मिळणारा नव्हता. उपसता उपसता एक ओंडका वर आला. ओंडका म्हणून तो बाजूस पडावयाचा. परंतु तो आतून कोरलेला आहे ही गोष्ट वेळीच ध्यानात आली, आणि फिरत फिरत तो ग्रोनिंगेनच्या विद्यापीठात जाऊन पोचला. कार्बनाच्या परीक्षेत त्याचा काळ इ. स. पू. ८०४० ते ७५१० असा ठरला. पाइनच्या एका खोडातून कोरलेली, सुमारे तीन मीटर लांब आणि ४४ सेंटिमीटर रुंद अशी ही वस्तू आज आसेन येथील ड्रेन्थ संग्रहालयात आहे. जगातील ज्ञात नावांमध्ये तीच सर्वांत जुनी समजतात. ती कोरली गेली तेव्हा मोहेंजोदारोची पहिली वीट भाजावयास पाच हजारांहून अधिक वर्षे अवकाश होता.

जुन्या वस्तूस मान मिळू लागला की तिच्याविषयी शंकाही निघू लागतात. ही नाव नसून जनावरांना चारा-पाणी घालण्याचे भांडे असावे, असा तर्क काहींनी लढविला. हा वाद आम्ही एकदा आमच्या मामांच्या कानांवर घातला. मामांचे आयुष्य कोकणात खाडीच्या काठी गेले, आणि पांडित्याशी त्यांचा संबंध आमच्यासारख्या भाच्यांच्या द्वारेच काय तो आला. ते हसून म्हणाले, "अरे, यात भांडण कसले? गोठ्यात ठेवली तर डोण, खाडीत सोडली तर डोणी!"

मामांच्या या निवाड्यात आम्हांस मोठा अर्थ दिसला. संस्कृतात 'द्रु' म्हणजे झाड किंवा लाकूड. त्याच कुळातील 'द्रोण' म्हणजे मुळात लाकडाचे पात्र. यज्ञात सोमरस ज्यात साठवीत तो द्रोणकलश. धान्य मोजावयाचे माप तेही द्रोण. कौरवपांडवांचे आचार्य द्रोणातून जन्मले म्हणून द्रोणाचार्य. आणि पंगतीत कढी वाढली जाते तो पानांचाही द्रोणच. याच घराण्यातील द्रोणी म्हणजे लांबट पात्र, आणि नावही. कानडीत तिला दोणि म्हणतात, तामिळीत तोणि. हा शब्द कोणी कोणास दिला याचा निवाडा भाषापंडितांनी करावा. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की जो पहिला मनुष्य खोड कोरावयास बसला त्याच्या मनात पात्र आणि नाव या दोन निराळ्या कल्पना नसाव्यात. पाणी आत राहिले की ते पात्र. पाणी बाहेर राहिले की ती नाव. भेद वस्तूत नाही, पाण्याच्या जागेत आहे.

तथापि पेसेच्या बाबतीत चाऱ्याच्या भांड्याचा तर्क आम्हांस पटत नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. ज्या काळी ते खोड कोरले गेले त्या काळी त्या प्रदेशात शेती नव्हती आणि गुरे पाळण्याची चालही पडली नव्हती. लोक शिकार करीत, मासे धरीत आणि ऋतूप्रमाणे जागा बदलीत. ज्यांच्या दारी गाय नाही त्यांनी गव्हाण कोणासाठी कोरावी? पुढे २००१ साली या वस्तूची प्रतिकृती करून ती पाण्यावर वल्हवून पाहण्यात आली, आणि ती माणसासह उत्तम तरंगली. मामांना हे कळते तर त्यांनी आश्चर्य मानले नसते. त्यांच्या लेखी कोरलेले खोड तरंगणार नाही तर काय करील?

आता प्रश्न असा, की लाकूड दहा हजार वर्षे टिकले कसे? आपल्या देशात एक पावसाळा उघड्यावर काढला तर खुंटास वाळवी लागते. याचे उत्तर त्या दलदलीच्या स्वभावात आहे. थंड प्रदेशातील अशा दलदलींत स्फॅग्नम नावाचे शेवाळ वाढते. ते वरून वाढत जाते आणि खालून मरत जाते. पण जे मरते ते पुरते कुजत नाही. पाण्याखाली प्राणवायू पोचत नाही, शेवाळामुळे पाणी आम्ल होते, आणि ज्या सूक्ष्म जंतूंनी कुजविण्याचे काम करावयाचे त्यांचा तेथे निभाव लागत नाही. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा हा काळसर तपकिरी थर म्हणजे पीट. तो कापून, वाळवून चुलीत जाळण्याची रीत आयर्लंड, स्कॉटलंड, हॉलंड, डेन्मार्क या देशांत शतकानुशतके चालत आली. हा थर वर्षाकाठी सरासरी एक मिलिमीटर चढतो. आमच्या पन्नाशी उलटलेल्या आयुष्याची हकीकत त्याने जेमतेम तीन बोटांत आटोपली असती. उलटपक्षी, फावड्याच्या एका घावासरशी तीनशे वर्षे वर येतात.

परंतु ही दलदल सर्वच जतन करते असे मात्र नाही. तिची आवडनिवड ठरलेली आहे. १९५० साली डेन्मार्कात टोलुंड येथे पीट कापणाऱ्यांना एक प्रेत सापडले. ते इतके ताजे दिसत होते की खुनाचा प्रकार समजून पोलिसांना वर्दी देण्यात आली. तो मनुष्य दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा निघाला. त्याच्या हनुवटीवरील खुंट आणि कपाळावरील आठ्या जशाच्या तशा होत्या. दलदलीतील आम्ल कातडे कमावून ठेवते, परंतु हाडांतील चुना विरघळविते. काही प्रेतांचे तर कातडे तेवढे उरले आणि हाडे नाहीशी झाली. कोरड्या चुनखडीच्या मातीत याच्या नेमके उलट घडते. माणसांच्या स्मृतीचीही अशीच तऱ्हा आहे. आमचे वडील जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचे खाकरणे, चष्म्याची दोरी, वर्तमानपत्राची घडी घालण्याची पद्धत, हे सर्व आम्हांस लख्ख आठवते. पण त्यांचा देवावर विश्वास होता की ते केवळ आमच्या आईसाठी पूजा करीत, हे आम्हांस सांगता येत नाही. कातडे राहिले, हाडे विरघळली.

पेसेची नाव सर्वांत जुनी खरी, पण एकटी नव्हे. आयर्लंडात गॉलवे परगण्यातील लर्गन येथे १९०१ साली एका शेतकऱ्यास दलदलीत ओकच्या एकाच खोडाची पंधरा मीटरांहून लांब नाव सापडली. ती चार हजार वर्षांपूर्वीची असून डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इंग्लंडात पीटरबरोजवळ मस्ट फार्म येथे नीन नदीच्या बुजलेल्या पात्रात २०११ साली अशा नावा मिळू लागल्या आणि त्यांची संख्या नऊवर गेली. त्यांपैकी काहींवर दुरुस्तीच्या खुणा आहेत. आफ्रिकेत नायजेरियातील दुफुना गावाजवळ १९८७ साली एका गुराख्याने पाण्यासाठी विहीर खणली, तर त्यास पाण्याऐवजी नावच सापडली. ती साडेआठ मीटरांच्या आतबाहेर लांब आणि सुमारे आठ हजार वर्षांची आहे. तेथे पीट नव्हते. पाणी धरून ठेवणाऱ्या मातीच्या थरांनी तेच काम केले.

या नावांचे हक्कदार कोण, हा प्रश्नही मनोरंजक आहे. इंग्लंडात लिंकनशायरमधील ब्रिग गावी १८८६ साली एका गॅस कंपनीने भाडेपट्ट्याने जमीन घेऊन कारखान्यासाठी खोदकाम केले, तेव्हा चिकणमातीत ओकची सुमारे पंधरा मीटरांची प्रचंड नाव मिळाली. कंपनी म्हणाली, आम्ही शोधली, आमची. जमीनमालक म्हणाला, जमीन माझी, तिच्या पोटातील वस्तूही माझी. प्रकरण न्यायालयात गेले. न्यायमूर्ती चिटी यांनी मालकाच्या बाजूने निकाल दिला: वस्तू तेथे आहे हे मालकास ठाऊक नसले तरी ती त्याचीच. हा खटला कायद्याच्या पुस्तकांत आजही सांगितला जातो. ज्याने ती कोरली त्याचा वकील अर्थातच हजर नव्हता. त्या नावेचे वय अठ्ठावीसशे वर्षांच्या घरातले. मातीने तिला इतका काळ सांभाळले. माणसांनी सत्तावन्न वर्षे. ती हलच्या संग्रहालयात ठेवली होती, आणि १९४३ साली झालेल्या बाँबहल्ल्यात संग्रहालयाबरोबर तिचीही राख झाली.

माणसांच्या हाती आलेली नाव सांभाळणे किती कठीण असते, हे बाँबहल्ल्याशिवायही कळते. पाण्यात मुरलेल्या लाकडातील बळकट अंश हळूहळू झिजून जातो आणि त्याच्या जागी पाणी भरते. बाहेरून नाव धडधाकट दिसते, पण तिचा डोलारा आतल्या पाण्याने तोलून धरलेला असतो. ती उन्हात वाळू दिली की पेशींच्या भिंती कोसळतात, लाकूड आक्रसते, चिरते, पिळवटते. म्हणून ती वर्षानुवर्षे ओली ठेवून पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाचा मेणासारखा पदार्थ तिच्यात मुरवावा लागतो आणि मग गोठवून वाळवावी लागते. मस्ट फार्मच्या नावांना हे उपचार दशकभर चालले. ज्या पाण्याने शक्ती हरण केली त्याच पाण्याचा अखेरीस आधार व्हावा, हे म्हाताऱ्या माणसांची जुनी दुःखे पाहिलेल्यास नवे वाटणार नाही.

या नावा दलदलीत गेल्या कशा, याची कारणे तीन संभवतात. पहिले कारण अपघाताचे: बुडाली, रुतली, किंवा जीर्ण झाली म्हणून टाकून दिली. दुसरे कारण अर्पणाचे. डेन्मार्कात आल्स बेटावर योर्टस्प्रिंग येथे १९२१-२२ साली दलदल खणताना एक फळ्यांची लढाऊ नाव निघाली. तिच्याबरोबर भाले आणि ढाली होत्या. जिंकलेल्यांनी हरलेल्यांची सामग्री देवास वाहिली असावी, असे तज्ज्ञ मानतात. गणपतीस पाण्यात सोडणाऱ्या आणि फाटलेली पोथी रद्दीत न देता नदीस अर्पण करणाऱ्या आपल्या लोकांस ही कल्पना समजावून सांगावयास नको. परंतु तिसरे कारण आम्हांस सर्वांत जवळचे वाटते. एका खोडाची नाव उन्हावाऱ्यात राहिली तर तडकते. म्हणून काम नसेल तेव्हा ती मुद्दाम पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत अनेक देशांत आहे. आत दगड भरावे, नाव तळाशी बसवावी, आणि पुन्हा गरज पडली की दगड काढून तिला वर आणावे. अशा रीतीने ठेवलेली एखादी नाव दलदलीत मिळाली, तर ती हरवलेली नव्हे आणि अर्पिलेलीही नव्हे. ती जपून ठेवलेली होती. ठेवणारा परत यावयाचा होता; तो आला नाही, इतकेच.

परत येणाऱ्यासाठी जपून ठेवण्याची आपल्या वाङ्मयातील कथा याहून निराळी आहे, आणि तीतही द्रोणीच आहे. दशरथ वारला तेव्हा राम वनात होता आणि भरत आजोळी. पुत्रावाचून संस्कार करणे उचित नव्हे म्हणून अमात्यांनी राजाचा देह तेलाच्या द्रोणीत ठेवला, असे वाल्मीकींनी अयोध्याकांडात सांगितले आहे. भरत आला आणि मग पुढील विधी झाले. आमच्या मनात या दोन द्रोणी नेहमी शेजारी उभ्या राहतात. उत्तरेकडील दलदलीत वस्तू नुसती सोडून दिली तरी ती राहते. आपल्या देशात ती राहावी म्हणून तेल ओतावे लागते, पहारा बसवावा लागतो, आणि कोणी तरी निरोप घेऊन धावावे लागते.

या एका भेदातून पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. आपल्याकडे पीट मुळीच नाही असे नव्हे. निलगिरीच्या माथ्यावर ते आहे. पण आपल्या बहुतेक प्रदेशात ऊन, पाऊस, वाळवी आणि कसर यांचे राज्य. येथे वस्तू ठेवून टिकत नाही, म्हणून आपण ती पुन:पुन्हा करून टिकविली. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील ऋग्वेदाच्या ज्या तीस हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ साली जागतिक स्मृतिलेखांत नोंद केली, त्यांतील सर्वांत जुने इ. स. १४६४ चे आहे. ग्रंथ मात्र तीन हजार वर्षांचा! मधला सारा काळ तो माणसांच्या जिभेवर आणि नकलाकारांच्या बोरूवर जगला. नावेचेही तसेच. कोकणात दोन हजार वर्षांपूर्वीची डोणी दाखवा म्हटले तर कोणास दाखविता यावयाची नाही. पण आंब्याचे खोड कोणते घ्यावे, ते किती कोरावे, कोठे जाड ठेवावे, हे जाणणारे हात होते. युरोपात नाव राहिली आणि कोरणारा गेला. म्हणून त्यांस प्रतिकृती करून, ती पाण्यात सोडून, हरवलेली विद्या चाचपडत शोधावी लागली. आपल्याकडे नाव गेली, पण कोरणारा राहिला.

राहिला, असे आता म्हणवत नाही. खाडीत फायबरच्या होड्या आल्या. त्या हलक्या, टिकाऊ, डागडुजीस सोप्या; पोटासाठी समुद्रावर जाणाऱ्याने त्या घेतल्या म्हणून त्यास नावे ठेवण्याचा अधिकार आम्हां पगारदारांस नाही. परंतु हिशेब स्पष्ट मांडला पाहिजे. ज्या देशात वस्तू टिकत नाही आणि करणाऱ्याची परंपराही खंडित होते, त्या देशाच्या हाती काय उरते? दलदल आपल्यासाठी काहीही राखून ठेवणार नाही. आपल्या परंपरेचे पीट म्हणजे शिकविणारा आणि शिकणारा. त्यांतील एक जरी उठून गेला तरी सारे उघडे पडते.

हा विचार आम्हांस अगदी घरात येऊन भिडला. वडिलांच्या कपाटात आजोबांचे एक दप्तर होते: तांबड्या फडक्यात बांधलेले, मोडी कागदांचे. वडिलांस मोडी वाचता येई. 'निवृत्त झालो की सवडीने लावू', असे ते म्हणत. आणि दरवर्षी दप्तर सोडून, डांबराच्या गोळ्या बदलून, पुन्हा बांधून ठेवीत. दगड भरून नाव बुडविणाऱ्यासारखेच ते होते. निवृत्तीची सवड त्यांस लाभली नाही. दप्तर आमच्याकडे आले. आमच्या पिढीच्या शाळेत मोडी नव्हती, आणि आम्हांस इंग्रजी कवींची हस्तलिखिते ओळखता येतात पण आजोबांचे अक्षर लागत नाही, ही स्थिती होती. गेल्या वर्षी फडके सोडले तेव्हा कडांना कसर लागलेली दिसली. वरचे चारपाच कागद चाळणीसारखे झाले होते.

काहींनी सल्ला दिला की सर्व कागदांची छायाचित्रे काढून ठेवावी. ती आम्ही काढली. ते दोन दिवसांचे काम झाले. पण न वाचलेल्या कागदाचे छायाचित्र म्हणजे न वाचलेला कागदच, फक्त त्यास कसर लागत नाही. म्हणून पन्नाशी उलटल्यावर आम्ही मोडीची बाराखडी गिरवावयास घेतली. आमची कन्याही कौतुकाने शेजारी बसू लागली, आणि तिचा हात आमच्याहून लवकर वळला. पहिला कागद लागावयास नऊ दिवस गेले. तो कौलांच्या हिशेबाचा निघाला. दुसऱ्यात कोणा शेजाऱ्यास दिलेल्या भाताची नोंद आहे. कोणतेही गुपित नाही, कोणताही इतिहास बदलणार नाही. पण शेजाऱ्याच्या नावापुढे आजोबांनी 'सावकाश' असा शब्द लिहिला आहे. भात परत करण्याची घाई नको, असा त्याचा अर्थ आम्ही करतो. आजोबांस आम्ही पाहिलेले नाही. त्यांचे एखादे हाड आमच्या हाती लागले असेल, तर ते हे.

आयर्लंडात पीट काढण्यासाठी १९४६ साली स्थापन झालेल्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने २०२१ साली ते काम कायमचे बंद केल्याचे जाहीर केले. दलदलींत हवेतील कार्बन मोठ्या प्रमाणावर कोंडलेला असतो. त्या सुकविल्या की तो मोकळा होतो, आणि आत पडलेल्या वस्तूही कुजू लागतात. म्हणून सुकविलेल्या दलदलींत पुन्हा पाणी भरण्याचे प्रयत्न चालू आहेत. फावडी थांबली की नव्या नावाही पूर्वीसारख्या सापडणार नाहीत. पण ज्या आत आहेत त्या सुखरूप राहतील. तेथील लोकांस तसे म्हणता येते. आमच्या दप्तरात अजून दोनशेच्या वर कागद आहेत, आणि पावसाळा दोन महिन्यांवर आला आहे.